परदेशात मास्टर्ससाठी पूर्ण स्कॉलरशिप: मार्क साधारण असतील तर मिळते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ग्रॅज्युएशनचे मार्क ठीकठाक आहेत, टॉपर वगैरे नाही, शहराच्या पाणीपुरवठ्यात ३ वर्षं नोकरी झालीय, परदेशात मास्टर्स करायचंय पण घरून पैसे शक्य नाहीत, तर पूर्ण स्कॉलरशिप मिळेल का आणि सुरुवात आयईएलटीएसपासून (इंग्रजीच्या परीक्षेपासून) करायची की निबंधांपासून. मी बरीच वर्षं असे अर्ज वाचतेय, निवड समितीत बसूनही आणि अर्ज करणाऱ्यांच्या शेजारी बसूनही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मिळू शकते. आणि तुमच्यासारख्या प्रोफाइलला मिळताना मी पाहिलीय, टॉपर मुलं बाहेर राहिलेली असताना. मार्कांची एक किमान अट असते, ती पूर्ण झाली की बऱ्याच सरकारी स्कॉलरशिपमध्ये समिती मार्कशीट बाजूला ठेवते आणि पुढचं वाचायला लागते. युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या स्कॉलरशिपचं तसं नसतं, उदाहरणार्थ ऑक्सफर्डची क्लॅरेंडन ही मुख्यतः अभ्यासातल्या गुणवत्तेवरच जाते, तिथे साधारण मार्कांवर आशा ठेवून वर्ष घालवू नका असं मी स्पष्ट सांगेन.

खरा मुद्दा असा आहे की हे पैसे कोणीतरी कशासाठी तरी खर्च करतंय, आणि ते कशासाठी हे ज्याला नीट कळलं त्याचा अर्ज पहिल्या पानापासून वेगळा दिसतो. बहुतेक लोक उलट करतात, म्हणजे एक एसओपी, म्हणजे आपण कोण आणि हा कोर्स का हे सांगणारा निबंध, लिहितात आणि तीच पाच-सहा ठिकाणी नाव बदलून टाकतात. पण चेवनिंग ही स्कॉलरशिप घ्या. ती ब्रिटन सरकारच्या परराष्ट्र खात्याच्या पैशावर चालते, १९८३ पासून, आणि त्यांना पुढे जाऊन आपापल्या देशात निर्णय घेणाऱ्या जागी बसतील असे लोक हवे असतात ज्यांचं ब्रिटनशी नातं राहील. म्हणून ते नेतृत्व आणि नेटवर्किंग यावर वेगळे निबंध मागतात, कामाचा अनुभव किमान २ वर्षांचा म्हणजे २,८०० तास मागतात, आणि शिक्षण झाल्यावर किमान २ वर्षं मायदेशी परत जायची अट घालतात. आता जर्मनीच्या डाड (डीएएडी) या संस्थेची ईपॉस नावाची योजना घ्या, तीही सरकारी पैशाचीच आणि तिथेही किमान २ वर्षांचा अनुभव लागतो, पण त्यांचं लक्ष विकासाच्या कामावर असतं. तिथे मोटिव्हेशन लेटरमध्ये तुमच्या सध्याच्या कामाचा संदर्भ यावा लागतो, आणि शेवटची डिग्री साधारणपणे ६ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. तिथे तुम्ही चेवनिंगवाला निबंध टाकला, मी अमुक क्लबचा अध्यक्ष होतो आणि माझं नेटवर्क असं तसं, तर वाचणाऱ्याला त्यात पाणी, शेती, आरोग्य काहीच सापडणार नाही. कॉमनवेल्थ स्कॉलरशिप पण अशीच, ब्रिटनच्याच पैशाची, पण तिथे विकासाच्या ठरवून दिलेल्या विषयांपैकी एक निवडून तुमचा अभ्यास त्यात कसा बसतो हे दाखवावं लागतं. केंब्रिज युनिव्हर्सिटीसाठीच्या गेट्स केंब्रिज स्कॉलरशिपचे निकष तर उघड छापलेले आहेत: अभ्यासातली गुणवत्ता, हाच कोर्स का, इतरांचं आयुष्य सुधारण्याची बांधिलकी, आणि नेतृत्वाची क्षमता. हे चार वाचूनसुद्धा लोक तीनवरच लिहितात, कोर्स का हा मुद्दा दोन वाक्यांत उरकतात, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त अर्ज तिथेच पडतात.

म्हणून पहिले दोन आठवडे काहीही लिहू नका, फक्त वाचा. प्रत्येक स्कॉलरशिपचं पात्रतेचं पान, निकषांचं पान, आधीच्या स्कॉलर लोकांची माहिती, सगळं. आणि एक कागद घेऊन प्रत्येकीसमोर एकच वाक्य लिहा: यांना माझ्याकडून ५ वर्षांनी काय झालेलं बघायचंय. हे वाक्य लिहिता येत नसेल तर तिथे अर्ज करायची वेळ अजून आलेली नाही.

आता कोर्सबद्दल, कारण इथेच तुमची केस घडेल किंवा बिघडेल. तुमचं काम शहरातल्या पाइपलाइनची गळती आणि मीटरचे आकडे यातलं आहे. पाण्याच्या शिक्षणासाठी नेदरलँड्समधलं आयएचई डेल्फ्ट जगभर ओळखलं जातं, ब्रिटनमध्ये क्रॅनफिल्डला पाणी आणि सांडपाण्याचे कोर्स आहेत, इरॅस्मस मुंडस या युरोपीय संघाच्या योजनेत ग्राउंडवॉच नावाचा जॉइंट मास्टर्स आहे जो लिस्बन, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन इथे मिळून चालतो. पण बघा, ग्राउंडवॉच हा भूजल आणि हवामानबदल यावरचा आहे. तुमच्या ३ वर्षांच्या कामात भूजल कुठेच नाही, तर फक्त पाण्याचा आहे म्हणून तिथे अर्ज टाकला की समितीला दुसऱ्याच मिनिटाला प्रश्न पडतो की हा माणूस इथे का आलाय. उलट शहरी पाणीपुरवठ्याच्या कोर्समध्ये नेटवर्क मॉडेलिंगचा (पाइपांच्या जाळ्याचं गणिती मॉडेल बनवण्याचा) विषय असेल, युटिलिटी मॅनेजमेंटचा (पाणीपुरवठा संस्था चालवण्याचा) असेल, तर तुम्हाला लिहिता येतं की माझ्या विभागात गळती मोजली जाते पण ती का वाढते हे सांगणारं मॉडेल कोणाकडे नाही, या कोर्सच्या अमुक विषयात ते शिकवतात, आणि परत आल्यावर मी ते अमुक ठिकाणी वापरणार. बस, एवढी सरळ रेघ दिसली पाहिजे. आतापर्यंत काय केलं, त्यात कुठे अडलं, हा कोर्स ती अडचण कशी सोडवतो, नंतर काय करणार. यातला एक जरी तुकडा दुसऱ्याला जोडला जात नसेल तर इंग्रजी कितीही सुंदर असो, अर्ज टिकत नाही. त्यामुळे कोर्सच्या पानावर जाऊन प्रत्येक विषयाचं वर्णन वाचा, शिकवणाऱ्यांचं संशोधन काय आहे ते बघा, थीसिस कोणत्या विषयांवर होतात ते शोधा. रँकिंग बघून कोर्स निवडणाऱ्यांना मी नेहमी सांगते की फंडर तुमच्या युनिव्हर्सिटीच्या नंबरसाठी पैसे देत नाहीये.

निबंधांवर जास्त बोलते कारण सगळ्यात जास्त काम इथेच करण्यासारखं असतं. लहानपणापासून मला समाजासाठी काहीतरी करायची इच्छा होती, हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जातात. लिहिणारा मनापासूनच लिहितो, त्यात शंका नाही, पण वाचणाऱ्याच्या हातात काहीच लागत नाही. त्याऐवजी असं बघा: आमच्या विभागात मीटरचे आकडे वहीत हाताने लिहिले जायचे आणि महिन्याच्या शेवटी हिशोब जुळायचा नाही, मी दर आठवड्याला आकडे घ्यायची पद्धत सुचवली, दोन वरिष्ठांना ते जास्तीचं काम वाटलं म्हणून आधी एकाच भागात करून दाखवलं, तिथे पाणी कुठल्या पाइपवर जातंय ते सापडलं, मग बाकीच्या भागांनी ते स्वतःहून मागितलं. यात नेतृत्व हा शब्द एकदाही आलेला नाही पण वाचणाऱ्याला नेतृत्व दिसलं. विरोध होता हे आलं, तुम्ही तो कसा हाताळला हे आलं, निकाल काय लागला हे आलं, आणि ते काम तुम्ही स्वतः केलंय हे कळलं. आपल्याकडे मोठं पद नाही म्हणून नेतृत्वावर काय लिहायचं हा प्रश्न मला सारखा विचारतात. पद लागत नाही हो, तुमच्यामुळे एखादी गोष्ट बदलली आणि इतर लोक तुमच्यासोबत आले एवढं लागतं. कनिष्ठ पदावरच्या माणसाने हे केलं तर ते उलट जास्त ठळक दिसतं.

आकडे द्या, पण खरे. टीममध्ये किती लोक, किती कनेक्शन, किती दिवसांत, आधी काय होतं आणि नंतर काय झालं. आणि कृपा करून फुगवू नका, कारण इंटरव्ह्यूमध्ये पॅनलवरचा एखादा माणूस तुमच्याच क्षेत्रातला निघतो आणि तिसऱ्या प्रश्नाला सगळं उघडं पडतं, मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पुढच्या योजनेचा निबंध हा दुसरा कच्चा भाग. मी देशाची पाण्याची समस्या सोडवणार असं लिहून काही साधत नाही. परत आल्यावर पहिल्या दोन वर्षांत कुठल्या प्रकारच्या संस्थेत, कुठल्या कामावर, आणि ५ ते १० वर्षांनी कुठे, हे लिहा. सध्याच्या नोकरीत रजा मिळणार असेल, परत तिथेच रुजू होणार असाल तर ते नक्की लिहा, विकासाच्या योजनांमध्ये त्याला फार वजन असतं. रजा मिळणार नसेल तरी घाबरायचं कारण नाही, पण मग कोणत्या दोन-तीन संस्था हे काम करतात आणि तुम्ही तिथे काय घेऊन जाल हे माहिती असलं पाहिजे.

एआयने लिहून घ्यायचं का, हेही आजकाल सगळे विचारतात. व्याकरण तपासायला आणि शब्दमर्यादेत बसवायला मदत घेतली तर मला त्यात गैर वाटत नाही, फक्त त्या स्कॉलरशिपचे नियम आधी वाचा कारण काही ठिकाणी त्यावर स्पष्ट सूचना असतात. पण पहिला मसुदा तुमचाच हवा, हवं तर मातृभाषेत लिहा आणि मग इंग्रजी करा. एका दिवसात पन्नासेक अर्ज वाचणाऱ्याला सारख्याच वळणाचे, सारख्याच चकचकीत शब्दांचे निबंध लगेच ओळखू येतात आणि त्यात तुमची ती वहीतल्या आकड्यांची गोष्ट हरवते, जी फक्त तुमच्याकडे होती. तसंच पैसे घेऊन स्कॉलरशिपची खात्री देणारे लोक भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. चेवनिंग, इरॅस्मस मुंडस, डाड, यांच्यापैकी कोणीही बाहेरच्या एजंटमार्फत निवड करत नाही.

रेफरन्स, म्हणजे एलओआर, म्हणजेच शिफारसपत्र. मोठ्या पदावरच्या माणसाचं मोघम पत्र आणि तुमच्या थेट साहेबांचं तपशीलवार पत्र यात मी डोळे झाकून दुसरं निवडेन. एक शिक्षक आणि एक कामाच्या ठिकाणचा असं बहुतेक ठिकाणी चालतं, पण प्रत्येकाची अट वेगळी असते, तेव्हा तपासा. अडचण अशी येते की साहेब म्हणतात तूच लिहून आण, मी सही करतो. तसं करू नका, कारण मग दोन्ही पत्रं आणि तुमचे निबंध एकाच माणसाने लिहिलेले वाटतात, भाषेवरून कळतंच ते. त्याऐवजी त्यांना एक पान द्या ज्यात तुम्ही त्यांच्या हाताखाली केलेली चार-पाच कामं, तारखा, स्कॉलरशिप काय बघते आणि शेवटची तारीख एवढं असेल, आणि दहा मिनिटं समोर बसून बोला. त्यांची वाक्यं त्यांना लिहू दे, मोडक्या इंग्रजीत असली तरी चालतील. ऑफिसचा ईमेल असेल तर तोच द्यायला सांगा, बऱ्याच पोर्टलवर खासगी मेलवरून आलेल्या रेफरन्सवर शंका घेतात. आणि महिनाभर आधी सांगा, शेवटच्या आठवड्यात साहेब नेमके दौऱ्यावर असतात.

वेळापत्रक थोडक्यात सांगते. सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या कोर्ससाठी त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून खिडक्या उघडायला लागतात: चेवनिंग साधारण ऑगस्टमध्ये, इरॅस्मस मुंडसचे बहुतेक कोर्स ऑक्टोबर ते जानेवारी, केंब्रिज-ऑक्सफर्डच्या शेवटच्या तारखा डिसेंबर-जानेवारीत, स्वीडनची सरकारी स्कॉलरशिप फेब्रुवारीच्या आसपास (तिथे ३,००० तासांचा अनुभव लागतो आणि युनिव्हर्सिटीचा अर्ज त्याआधी जानेवारीतच भरलेला असावा लागतो). तारखा दरवर्षी थोड्या हलतात, अधिकृत पानावरच बघा. म्हणजे निघायच्या दीड वर्ष आधी तयारी सुरू केली तर धावपळ होत नाही.

अर्ज कुठे करायचा यातसुद्धा खूप लोक अडखळतात. चेवनिंगला स्कॉलरशिपचा अर्ज वेगळा आणि युनिव्हर्सिटीचा वेगळा, दोन्ही तुम्हीच करायचे, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत अनकंडिशनल ऑफर, म्हणजे कुठलीही अट बाकी नसलेला प्रवेश, हातात नसेल तर निवड होऊनही जागा जाते. डाड ईपॉसचा अर्ज थेट त्या कोर्सकडे जातो. क्लॅरेंडनला वेगळा अर्जच नसतो, वेळेत ॲडमिशनचा अर्ज केला की आपोआप विचार होतो. फ्रान्सच्या आयफेलला तुम्ही स्वतः अर्ज करूच शकत नाही, तिथली शिक्षणसंस्था तुमचं नाव पाठवते, त्यामुळे आधी संस्थेशी बोलावं लागतं. इरॅस्मस मुंडसमध्ये प्रत्येक कोर्सचा कन्सॉर्टियम, म्हणजे तो मिळून चालवणाऱ्या युनिव्हर्सिटींचा गट, स्वतः निवड करतो, आणि अनेक गट अर्जांना गुण कसे देतात तेही प्रसिद्ध करतात, ते मिळालं तर त्या क्रमानेच तुमचं मोटिव्हेशन लेटर बांधा. तिथे अजून एक नियम लक्षात ठेवा, एका प्रोजेक्टमध्ये, म्हणजे एका जॉइंट मास्टर्समध्ये, एकाच देशाच्या लोकांना साधारण १० टक्क्यांपेक्षा जास्त स्कॉलरशिप देता येत नाहीत. म्हणजे तुमच्या देशातून खूप अर्ज येत असतील तर स्पर्धा मुख्यतः त्यांच्याशीच असते आणि वेटिंग लिस्टला नाव आलं तर ते पुष्कळ चांगलं समजायचं, तिथून वर आलेले लोक आहेत.

किती ठिकाणी अर्ज करावा? माझं मत, चार ते सहा, त्याहून जास्त नको. पंधरा ठिकाणी केलेले अर्ज सगळेच अर्धवट होतात.

पैशाचा हिशोब पण नीट करा कारण पूर्ण स्कॉलरशिप हा शब्द सगळे वेगवेगळ्या अर्थाने वापरतात. फी माफ झाली म्हणजे सगळं झालं असं नसतं, राहणं-खाणं, विमान, व्हिसा, आरोग्य विमा हे सगळं कोण देतंय ते बघा. इरॅस्मस मुंडसमध्ये फी माफ असते आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात, त्यातच प्रवास, व्हिसा, राहणं सगळं भागवायचं. दुसरीकडे जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी फीच नसते (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात), पण व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधी ब्लॉक खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावा लागतो, सध्या तो ११,९०४ युरो आहे. स्कॉलरशिप नाही मिळाली तर हा रस्ता काहींना परवडतो, म्हणून तो डोक्यात असू द्या.

आणि परत येण्याच्या अटी सही करण्याआधी घरच्यांसोबत बसून वाचा. चेवनिंगची २ वर्षांची वर सांगितलीच, अमेरिकेच्या फुलब्राइटवर जे-१ व्हिसा असतो आणि त्यालाही मायदेशी २ वर्षं राहण्याची अट जोडलेली असते, ऑस्ट्रेलिया अवॉर्ड्समध्ये शिक्षणानंतर २ वर्षं ऑस्ट्रेलियाबाहेर राहावं लागतं. ज्यांना तिकडेच नोकरी करायचीय त्यांनी या स्कॉलरशिप घेऊच नयेत असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ती जागा दुसऱ्या कोणाला तरी फार उपयोगी पडली असती.

इंटरव्ह्यूला बोलावलं तर अर्ध्याहून जास्त काम झालं असं समजा, आता फक्त तुमच्या कागदातला माणूस खराच आहे का ते बघणार. आपलेच निबंध पुन्हा वाचून जा, कारण प्रश्न त्यातूनच येतात आणि लोक आपण सहा महिन्यांपूर्वी काय लिहिलं ते विसरलेले असतात. हमखास येणारे प्रश्न म्हणजे हाच कोर्स का, हे तुमच्याच देशात का नाही शिकता येत, एखादी गोष्ट जमली नाही तेव्हा काय केलं, स्कॉलरशिप नाही मिळाली तर काय करणार. शेवटच्याला काहीजण म्हणतात की मग माझं सगळं संपलं. असं नका म्हणू. काम चालूच ठेवणार, अमुक ऑनलाइन कोर्स करणार, पुढच्या वर्षी परत अर्ज करणार, असं सांगणाऱ्याचा निर्धार पॅनलला आवडतो. उत्तरं पाठ करू नका, तुमच्या क्षेत्रातला नसलेल्या एखाद्या मित्राला समोर बसवून तुमचं काम त्याला समजेपर्यंत सांगा, पॅनलवर सगळेच इंजिनिअर नसतात. आणि प्रश्न नीट कळला नाही तर परत विचारा, त्याचे गुण कापत नाहीत.

नकार आला तर पुढच्या वर्षी पुन्हा करा, मी ज्यांना मिळालेली पाहिली त्यातल्या बऱ्याच जणांना आधी एकदा नकार आलेलाच होता. फक्त तोच अर्ज परत पाठवू नका, मधल्या वर्षात कामात काहीतरी नवीन झालेलं दिसलं पाहिजे.

आता आयईएलटीएस आधी की निबंध आधी. कोर्स आणि निबंधांचा कच्चा आराखडा आधी. आयईएलटीएस-टोफलचा स्कोअर २ वर्षंच चालतो, तर फार आधी देऊन उपयोग नाही, आणि चेवनिंग स्वतः इंग्रजीची परीक्षा मागत नाही, युनिव्हर्सिटी मागते. तुमची डिग्री इंग्रजी माध्यमातली असेल तर काही युनिव्हर्सिटी कॉलेजच्या पत्रावर भागवतात, प्रत्येकीला मेल करून विचारा. परीक्षा लागणारच असेल तर सप्टेंबरची तारीख धरा, म्हणजे एखाद्या भागात स्कोअर कमी पडला तर नोव्हेंबरच्या आत दुसऱ्यांदा देता येईल. आणि ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या विषयांच्या गुणांच्या अधिकृत नोंदीसाठी) कॉलेजात अर्ज या आठवड्यातच टाका, बऱ्याच ठिकाणी सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो.